काट्यावरचे वजन आणि अंगावरचे वजन



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, राजकारण अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या पंक्तीत आज मी भाकरी, मीठ आणि वजनाचा काटा घेऊन बसणार आहे. विषय घरगुती आहे खरा, परंतु ज्या गोष्टीने माणूस रोज सकाळी आनंदी किंवा खिन्न होतो, ती गोष्ट क्षुल्लक म्हणता येत नाही. पूर्वी वजन करायचे तर रेल्वेच्या फलाटावरील यंत्रात नाणे टाकावे लागे. तिकिटावर वजन येई आणि पाठीवर भविष्य. आता काटा घरोघरी न्हाणीघराच्या दाराशी आला आहे. भविष्याचे तिकीट गेले, पण लोक वजनाच्या आकड्यातच आपले भविष्य वाचू लागले आहेत.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. चिखलीचा किंवा मेहकरचा एखादा तरुण पुण्यात नोकरी करतो. तेथे वडापाव, बिस्किटे, रात्री उशिराचे हॉटेलचे जेवण, असा त्याचा क्रम असतो. उन्हाळ्यात तो घरी येतो. आई ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, ताक असे साधे, सकस अन्न वाढते. पोरगा मनाशी निश्चय करतो की, आता हेच खायचे. तिसऱ्या दिवशी काट्यावर उभा राहतो, तो वजन दीड किलोने वाढलेले! लगेच निष्कर्ष निघतो : ‘भाकरीने मी फुगतो.’ चौथ्या दिवशी भाकरी बंद, पाचव्या दिवशी उपास, आणि सहाव्या दिवशी शेगावची कचोरी. चांगली सवय लागण्यापूर्वीच मोडते, आणि ती मोडते एका खोट्या साक्षीवरून. त्या साक्षीची आज आपण उलटतपासणी करू.

या कामात आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. आपला जिल्हा कापसाचा, आणि खामगावसारखी कापसाची जुनी बाजारपेठ आपल्या जिल्ह्यात आहे. कापूस काट्यावर चढला म्हणजे व्यापारी प्रथम त्यात हात घालून ओलावा पाहतो. शासकीय खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात होते, आणि १२ टक्क्यांपलीकडे माल नाकारला जातो. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस दुपारी वाळला की हलका भरतो, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु तोच शेतकरी स्वतः काट्यावर उभा राहिला की ओलाव्याची गोष्ट विसरतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ६० टक्के पाणी असते. म्हणजे आपण कापसापेक्षा कितीतरी अधिक ओला माल आहोत! त्या पाण्यात थोडी भरती-ओहोटी झाली की काटा हलणारच.

हे प्रथम पद्धतशीर रीतीने तपासणारा मनुष्य इटलीतील पादुआचा वैद्य सांक्तोरियो. त्याने तराजूला खुर्ची टांगली, आणि तीत बसून खाण्यापूर्वीचे, खाल्ल्यानंतरचे, झोपेनंतरचे वजन अनेक वर्षे टिपले. १६१४ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जे खाल्ले-प्याले त्याचे वजन आणि मलमूत्राचे वजन यांचा मेळ बसेना. ८ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यांतील सुमारे ५ पौंड डोळ्यांना न दिसता शरीरातून निघून जातात, असा हिशेब त्याने मांडला. त्वचेवाटे आणि श्वासावाटे आपण अखंड हलके होत असतो, आणि अन्नपाण्याने पुन्हा जड होत असतो. आज त्याचे आकडे आपण तंतोतंत मानणार नाही, परंतु वजन ही स्थिर वस्तू नव्हे, हा त्याचा धडा अजून टिकून आहे.

आता आपल्या ताटाचा हिशेब करू. दोन भाकरी ३०० ग्रॅम, वाटीभर भाजी आणि वाटीभर वरण मिळून ३००, पेलाभर ताक २००, दोन पेले पाणी ४५०. बेरीज सव्वा किलोच्या घरात जाते. जेवून उठल्याबरोबर काट्यावर उभे राहिलात तर हे सव्वा किलो दिसणारच. त्याला अंगावर चढलेले वजन म्हणणे म्हणजे धान्याचे पोते खांद्यावर घेऊन ‘मी जाड झालो’ म्हणण्यासारखे आहे. त्यातून ज्वारी, तूर, पालेभाज्या यांच्यात चोथा भरपूर, आणि चोथा आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतो. मैद्याच्या अन्नावरून भाकरीवर आलेल्या माणसाचे आतडे पहिले काही दिवस अधिक भरलेले राहते. हे आरोग्याचेच लक्षण आहे, पण काट्याला ते कळत नाही.

दुसरा हिशेब मिठाचा. रक्तातील मिठाचे प्रमाण शरीर फार काटेकोरपणे सांभाळते. दवाखान्यात शिरेतून जे मिठाचे पाणी देतात, त्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, कारण ते आपल्या रक्ताशी जुळते. म्हणून ९ ग्रॅम मीठ जास्त झाले, तर ते बाहेर टाकले जाईपर्यंत शरीराला सुमारे एक लिटर पाणी राखून ठेवावे लागते, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, असे सांगते. आपले जेवण घरचे खरे, पण त्यात ठेचा, लोणचे, पापड, वाळवणाच्या कुरडया आल्या की ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. मीठ या जिल्ह्याला नवे नाही. लोणारच्या सरोवरातून पूर्वी क्षार काढीत असत. आणि घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या बाजूला, खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणीच खारट. तेथील गृहिणीने पिठात मीठ टाकताना हात आखडता घेतला, तर ते शहाणपणाचे होईल.

तिसरा हिशेब साठ्याचा. भाकरीतील पिष्टाची साखर होते, आणि तिचा काही भाग ग्लायकोजेन या रूपाने यकृतात व स्नायूंत साठतो. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधले जाते. म्हणजे भरलेले कोठार आणि रिकामे कोठार यांत दोन किलोंचे अंतर पडू शकते. आठवडाभर भाकरी-भात सोडून ‘मी दोन किलो उतरलो’ म्हणणारे आपण पाहतो. त्यातील बराच भाग हा साठा आणि त्याचे पाणी असते. भाकरी सुरू झाली की कोठार पुन्हा भरते आणि ते वजन परत येते. शेगावहून पंढरपूरला पायी जाणारा वारकरी घरी परतल्यावर चार दिवसांत थोडा भरतो, त्याचे कारण हेच. वाटेतील श्रमाने रिता झालेला साठा आणि घामाने गेलेले पाणी भरून निघते. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीपूर्वी शरीर पाणी धरते आणि किलो-दीड किलो वाढ दिसू शकते. पाळीबरोबर ती जाते.

मग चरबी किती वाढली? एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने ७,७०० उष्मांक. १०० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ३४० उष्मांक असतात. तेव्हा एका रात्रीत एक किलो चरबी वाढवायची, तर नेहमीची गरज भागून वर बावीस-तेवीस भाकरी खाव्या लागतील. मारुतीच्या पारावरील रोडग्यांच्या पंगतीतसुद्धा असा वीर विरळा!

परंतु श्रोतेहो, यावरून घरचे जेवण म्हणजे अभयदान, असा अर्थ काढू नका. दोन मोठे चमचे तेलात सुमारे २५० उष्मांक असतात. भाजीवर रोज एवढी तर्री गरजेपेक्षा जास्त आली, तर महिन्याला ७,५०० उष्मांक, म्हणजे जवळजवळ किलोभर चरबी. रोजची वाढ तीस-पस्तीस ग्रॅमची, ती काट्याला दिसतही नाही. पाण्याचे वजन वाजतगाजत येते आणि निघून जाते. चरबी चोरपावलांनी येते आणि मुक्काम करते. आपण वाजंत्रीला घाबरतो आणि चोराला घरात घेतो, हा खरा घोटाळा आहे.

आता दोन अपवाद सांगतो, आणि ते नीट ध्यानात ठेवावेत अशी विनंती आहे. पहिला अपवाद असा की, दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढले, पावलांवर बोट दाबले असता खळगा राहतो, निजल्यावर दम लागतो, लघवी कमी होते, तर तेथे माझा हा सारा दिलासा लागू नाही. ते पाणी हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजाराचे असू शकते. ज्यांना हे आजार आधीपासून आहेत, त्यांनी तर रोज वजन करावे आणि अशी वाढ दिसताच डॉक्टरांकडे जावे.

दुसरा अपवाद याच्या उलट आहे. तीव्र कुपोषणाने कधी मुलाच्या अंगावर सूज येते आणि ते गुटगुटीत भासते. उपचार व योग्य आहार सुरू झाला की सूज ओसरते, आणि पहिल्या काही दिवसांत वजन उलट कमी होते. आई घाबरते. ‘औषधाने पोर वाळले’ म्हणून उठून घरी जाऊ पाहते. त्या क्षणी तिला कोणी समजावून सांगितले नाही, तर मूल दगावू शकते. उपासमारीची ही फसवी सूज शास्त्रज्ञांनी मोजून पाहिली आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग झाला. त्यांची चरबी व मांस झडत असताना अंगात पाणी साचत गेले, आणि जेवढी झीज झाली तेवढी काट्याने दाखवली नाही. काटा लठ्ठाला फसवतो आणि रोडालाही फसवतो.

तर मग काटा फेकून द्यावा काय? मुळीच नाही. त्याला नीट प्रश्न विचारावा. सकाळी, शौचाहून आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर, सपाट फरशीवर, हलक्या कपड्यांत वजन करावे. आठवड्यातून एक ठरलेला दिवस पुरे. रोज करण्याची हौसच असेल तर सात दिवसांची सरासरी काढावी आणि या आठवड्याची सरासरी गेल्या आठवड्याशी ताडून पाहावी. चार आठवड्यांपूर्वी आहाराचा निवाडा देऊ नये. जोडीला शिंप्याची टेप घ्यावी. कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांच्या आत असावी, असे आपल्या लोकांसाठी मानले जाते. पाण्याच्या भरती-ओहोटीने टेप काट्याइतकी फसत नाही.

शेतकरी पेरणीनंतर तिसऱ्या दिवशी माती उकरून ‘अजून कणीस का नाही’ असे विचारत नाही. तो पाऊस पाहतो, निंदण करतो आणि वाट पाहतो. आहाराचेही तसेच आहे. ज्या घरात ज्वारी आहे, तूर आहे, परसात चार पालेभाज्या आहेत, त्या घराला आरोग्याचे बियाणे विकत आणावे लागत नाही. मिठाला आणि तेलाला आवर घालावा, भाकरीला महिनाभराची तरी मुदत द्यावी, आणि सकाळच्या एका आकड्यावरून आईच्या हातच्या अन्नाला दोषी ठरवू नये, एवढेच माझे मागणे आहे.