फिनॉलिक : एका शब्दाचे कूळ



विषयाचे नाव ऐकताच पुष्कळांना इस्पितळाचा वास आला असेल. वास खरा, पण शब्दाचा अर्थ त्या वासापुरता नाही. सहा कार्बन अणूंचे बेंझिनचे कडे घ्यावे, त्याला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी थेट चिकटवावी, की झाले फिनॉल. ही खूण ज्या पदार्थात सापडेल तो फिनॉलिक. म्हणजे हे आडनाव झाले. आडनावावरून कूळ कळते, स्वभाव कळत नाही. हळदीचा पिवळा रंग फिनॉलिक, लवंगेचा वास फिनॉलिक. उलट, बाजारात 'फिनेल' म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या द्रवात पुष्कळदा फिनॉल नसतेच. ते पाइनचे तेल असते!

मूळ फिनॉल रुंगे या जर्मन रसायनज्ञाने १८३४ साली दगडी कोळशाच्या डांबरातून काढले आणि त्याला कार्बोलिक आम्ल म्हटले. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोत गाडीखाली पाय मोडलेला अकरा वर्षांचा मुलगा लिस्टरपुढे आला. हाड कातडीबाहेर आले, की पाय कापावा, ही त्या वेळची रीत. लिस्टरने जखमेवर कार्बोलिकची पट्टी बांधली आणि पाय वाचला. कातडी मात्र थोडी भाजली. जंतू मारणारे द्रव्य माणसाच्या पेशींना का सोडील?

पुढे १९०७ साली बेकलँडने फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकलाइट केले. ते एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. म्हणून विजेची बटणे आणि जुने काळे टेलिफोन त्याचेच.

आता आपल्या घरात येऊ. बिब्बा उततो, हे आपल्या आजीला ठाऊक होते. त्याच्याच कुळातल्या काजूच्या टरफलात तसेच फिनॉलिक तेल असते. त्यापासून रंग होतात, मोटारीच्या ब्रेकच्या अस्तरात त्याची राळ जाते. ते तेल वाया जात नाही, ही आनंदाची गोष्ट. पण कोकणात, गोव्यात काजू फोडणाऱ्या बायांच्या बोटांची कातडी याच तेलाने सोलते. त्या हाताला राख नाहीतर एरंडेल चोळतात. हातमोजे का घालत नाहीत, असे विचारणे सोपे आहे. मोज्यात गर नीट धरता येत नाही, तो तुटतो, आणि तुकड्याला भाव कमी. शिवाय मजुरी पुष्कळ ठिकाणी किलोवर मिळते.