घराची जागा



पांढुर्णा-सौंसरची मुले नोकरीसाठी नागपूर-पुण्यास जातात. घर घेताना शाळा, दवाखाना, बाजार पाहतात. पावसाचे पाणी कोठून वाहते, हे विचारीत नाहीत. आपल्या शेजारचे मोवाड ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात उद्ध्वस्त झाले. दोनशेंवर माणसे दगावली. गावाचे पुनर्वसन करावे लागले. २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला. तेव्हा सारे शहर नव्हे, तर नाग नदीलगतच्या सखल वस्त्या बुडाल्या.

संकटमुक्त शहर कोठेच नाही. शहर पोटासाठी निवडावे लागते. त्यातील जागा मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. उंचावरचे घर कदाचित दूर पडेल, लहान मिळेल. तरीही तेथील वृद्धांना पुराची खूण विचारावी आणि मगच बयाणा द्यावा.