आतड्यातील पाण्याची दारे

पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी या भाषा शेजारी नांदतात. किनवट आणि राजुरा हे तालुकेही 1956 पर्यंत याच जिल्ह्यात होते. पावसाळ्यात ओढेनाले गढूळ झाले, म्हणजे भाषा कोणतीही असो, घराघरांतून एकच भीती डोकावते : लेकराला ढाळ लागण्याची. अशा वेळी पुष्कळ माता त्याच्या तोंडचे पाणी दूर करतात. पाण्याने ढाळ वाढतील, अशी त्यांची समजूत असते. ती कितपत खरी, हे आतड्यालाच विचारावयास हवे.

निरोगी माणसाच्या लहान आतड्यात अन्नपाणी व पाचक रस मिळून दररोज सुमारे 8 ते 9 लिटर द्रव उतरतो. शौचावाटे जातो तो अवघा 100 ते 200 मिलिलिटर. बाकीचा शरीर परत घेते. मात्र अन्नाचा लगदा सरकता राहावा म्हणून आतड्याच्या पेशी थोडे पाणी पोकळीत सोडतातही. पाणी आपण होऊन जात नाही. ते क्षारांच्या मागून जाते.

ही ये-जा सांभाळणाऱ्या निरोप्यांपैकी काही पेप्टाइडे, म्हणजे अमायनो आम्लांच्या लहान साखळ्या, होत. ग्वानिलिन हे त्यांतले एक. 1992 साली त्याचा शोध लागला. त्याच्या साखळीत 15 दुवे असतात. कुलपात किल्ली बसावी तसे ते पेशीवरील ग्राहकात बसते. मग पेशीत चक्रीय जीएमपी हे द्रव्य वाढते व क्लोराइडची दारे उघडतात. क्लोराइडच्या आयनांमागून सोडियम जाते, आणि त्या दोहोंमागून पाणी. सोमॅटोस्टॅटिन हे दुसरे पेप्टाइड याउलट स्राव आवरते.

ई. कोलाय जंतूंच्या काही जाती नेमकी हीच किल्ली चोरतात. त्यांचे एक विष ग्वानिलिनसारखेच पेप्टाइड असते. पण ते ग्राहकाला अधिक घट्ट चिकटते. पटकीच्या विषाचे अस्तित्व शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये कलकत्त्यात सिद्ध केले. ते मोठे प्रथिन असून चक्रीय एएमपी वाढवून तीच दारे उघडी ठेवते. म्हणजे वाहून जाते ते पाणी पेल्यातले नव्हे, रक्तातले. पेला दूर केल्याने गळती थांबत नाही. केवळ भरपाई थांबते.

सुदैवाने एक दार शाबूत राहते. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने पेशीत शिरतात, व त्यांच्यासवे पाणीही. 1971 साली बनगावच्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज-मिठाचे पाणी पाजण्याचा मार्ग धरला. मृत्यूचे प्रमाण शेकडा 4 च्याही खाली आले.

आरोग्य केंद्रातील पुडी हाताशी नसेल, तर उकळून निवविलेल्या 1 लिटर पाण्यात साखरेचे सपाट 6 व मिठाचा सपाट अर्धा लहान चमचा विरघळवावा, आणि घोट घोट पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले वा शौचात रक्त दिसले, तर त्वरित दवाखाना गाठावा. या पाण्याने ढाळ लगेच थांबत नाहीत, म्हणून मातेने धीर सोडू नये. ढाळ ओसरेपर्यंत मूल जगविणे, हेच त्या पाण्याचे काम होय.