भय आणि पुनरारंभ
(चलथाण येथील व्याख्यान)



सुरतेहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील चलथाण हे लहानसे स्थानक. सहकारी साखर कारखाना व कापडाचे उद्योग यांमुळे त्याचे नाव झाले. उद्योगात संकट केव्हा कोसळेल याचा नेम नसतो, हे येथे निराळे सांगावयास नको. ऑगस्ट 2006 मध्ये तापीचे पाणी सुरत शहरात शिरले व अनेकांची यंत्रे आणि माल बुडाला. पाणी ओसरताच जे गाळ उपसू लागले, ते निर्भय होते काय?

या प्रश्नाचे उत्तर अशाच एका लहान स्थानकाच्या कथेत सापडते. ते म्हणजे पूर्वीचे कुंडल रोड, आजचे किर्लोस्करवाडी.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली व बेळगावात सायकलींचा व्यवसाय धरला. पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर ते बनवू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीने शेतकरी नांगरास शिवेनात. पहिला नांगर विकण्यास सुमारे दोन वर्षे लागली. एका हंगामावर ज्याचे घर चालते, त्याचे ते भय हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. नांगर शेतात चालताना दिसला, तेव्हाच ते ओसरले.

एवढ्यात नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या अधिपतींनी 10,000 रुपये कर्जाऊ दिले व 1910 मध्ये निवडुंगाने भरलेल्या 32 एकर माळावर पुन्हा श्रीगणेशा झाला. 1948 च्या दंगलीत कारखान्याची जाळपोळ झाली. तरीही काम पुन्हा उभे राहिले.

नोकरी गेली, जागा गेली. हातातील विद्या व लोकांतील पत मात्र गेली नाही. म्हणून त्यांचा प्रत्येक आरंभ शून्यापासून नव्हता. भय नाहीसे होईल तेव्हा पाऊल टाकू, असे म्हणणारा उंबरठ्यातच राहतो. परंतु केवळ धैर्याने भागत नाही. अडल्या वेळी विश्वास टाकणारा कोणी तरी असावा लागतो. औंधने तो टाकला.

देवालयाच्या सभामंडपात एकत्र बसणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानी घ्यावे. ज्याचा धंदा बुडाला, तो पुष्कळदा लाजेने उत्सवासही येत नाही. त्याच्या घरी आपण होऊन जावे, त्यास थोडा अवधी व थोडी पत द्यावी. महाजन या शब्दाचा अर्थ त्यातच आहे.