तेलाचा डबा आणि सोयाबीनचं पोतं
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



देशाच्या अर्थव्यवस्थेवर बोला, असं अध्यक्षांनी सांगितलं. विषय मोठा, आणि मागे जेवण तयार आहे. म्हणून एका पिकापुरतंच बोलतो.

मी बँकेत लागलो तेव्हा परभणी म्हणजे ज्वारी आणि कापूस. एकाधिकार खरेदीचा तो काळ. कापसाचा चुकारा आला की आमची वसुली व्हायची. आज ती जागा सोयाबीननं घेतली आहे. मोंढ्यात भाव पडला की दिवाळीत कापड दुकानापासून सराफापर्यंत सगळीकडे शुकशुकाट.

यंदा, म्हणजे 2025-26 च्या हंगामाला, हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून वाचलेला माल मात्र मोंढ्यात त्याच्या बराच खाली गेला. असं का होतं? क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम अठरा किलो, बाकी बहुतेक पेंड. ही पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आता मक्यापासून इथेनॉल वाढलं, त्याचा चोथा खाद्यवाल्यांना स्वस्तात मिळतो. पेंडीचं गिऱ्हाईक तुटलं.

राहिलं तेल. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. सरकारनं सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ आयात शुल्क लावलं, तेव्हा डबा महागला म्हणून आपल्याच ग्रुपवर केवढी बोंब झाली! मे 2025 अखेर ते 10 टक्क्यांवर आणलं, तेव्हा कुणी काही बोललं नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांची गावाकडं शेती आहे बरं का! मीही त्यातलाच. घरात आमच्या सौ. डब्याचा भाव ऐकवतात, गावाहून धाकटा भाऊ सोयाबीनचा. दोघंही खूश होतील असं शुल्क दिल्लीत अजून कुणाला सापडलेलं नाही.

भावाला मी म्हणायचो, "घाई करू नको, थांब." थांब म्हणणं सोपं आहे. नोकरीत असताना 31 मार्चच्या आत कर्ज भरा, अशा नोटिसा मीच काढायचो की! बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना आहे. सोयाबीन गोदामात ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, व्याज 6 टक्के, मुदत सहा महिने. गावी शेती असलेल्यांनी याची चौकशी जरूर करावी.

यंदा भावानं निम्मी पोती तारण ठेवली, निम्मी पडत्या भावात विकली, कारण पुतण्याची पुण्यातली फी थांबणारी नव्हती. ठेवलेल्या पोत्यांचा भाव मी रोज सकाळी मोबाइलवर बघतो. आज सकाळीही बघितला. तीस रुपयांनी वर होता.

चला, पानं वाढली आहेत.