उलगडून सांगणारा शेजारी

(मंडळाच्या नांदेड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंतांचा सत्कार आणि भोजन यांच्यामध्ये कवितेवरील भाषण ठेवून कार्यकारी मंडळाने धाडसच केले आहे. तेव्हा श्रोत्यांच्या पोटावर फार अन्याय न करता बोलतो.

‘नवी कविता कळत नाही’ ही तक्रार आपल्या घरोघरी ऐकू येते. तक्रार खरी आहे. परंतु सारा दोष कवीच्या माथी मारून आपण मोकळे होतो, ते आम्हांस मान्य नाही. आपल्या नांदेड-लातूरकडे कविता ही पूर्वापार कानाने घ्यावयाची वस्तू. जात्यावरची ओवी, देवळातील कीर्तन आणि निजामी अमलातील मुशायरे यांतून ती घरात आली. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, त्याचे माध्यम उर्दू. १९४८ च्या मुक्तीपर्यंत वरचे शिक्षण उर्दूतच. त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीत कित्येकांस गालिब मुखोद्गत असे आणि केशवसुतांचे नावही ठाऊक नसे. यात कमीपणा काही नाही. शेर अडला तर शेजारी बसलेला जाणकार तो उलगडून सांगे, आणि मग दाद देण्यास सर्व मोकळे!

१९३९ हे एकच साल पाहा. गोरटे येथील दासगणू महाराजांचा ‘श्रीगजानन विजय’ त्या वर्षीचा, आणि मर्ढेकरांचा पहिला संग्रह ‘शिशिरागम’ हाही त्याच वर्षीचा. पहिला ग्रंथ आजही कित्येक देवघरांत आहे. दुसरा किती घरांत आहे, हे विचारून आम्ही कोणास संकोचात टाकत नाही. एक चारचौघांत मोठ्याने वाचावयाचा, दुसरा एकट्याने मनात. पुढे १९४७ साली ‘काही कविता’ निघाला आणि यंत्राने व महायुद्धाने बावरलेला माणूस मराठी कवितेत आला. असा माणूस टाळ वाजवून कसा बोलणार? कविता कानाकडून डोळ्याकडे गेली; मात्र तो उलगडून सांगणारा शेजारी मागेच राहिला.

नांदेडास असा शेजारी काही काळ लाभला होता. १९५० साली स्थापन झालेल्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवीत. काव्यशास्त्रातील अवघड प्रश्न साध्या बोलीत मांडण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. १९८२ साली ते गेले.

लातूरचे नाव निघाले की आता ‘पॅटर्न’ आठवतो. त्याची थट्टा करण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमचीही मुले त्याच वाटेने गेली. परंतु ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयाशी हा पॅटर्न जोडला जातो, त्याचे प्राचार्यपद भूषविणारे डॉ. जनार्दन वाघमारे यांनीच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय मराठी वाचकांस करून दिला. दलित कवितेची चर्चा त्या परिचयाने समृद्ध झाली. गुण आणि कविता यांचे वैर आहे, ही समजूत आपल्याच घरांत जन्मली असावी.

याविषयी एक कबुली द्यावयाची आहे. गेल्या वर्षी सत्कारासाठी अर्ज मागविले, तेव्हा अहमदपूरकडील एका मुलीने टक्केवारीखाली ‘कविता लिहिते’ असे लिहिले होते. यादी छापताना समितीने ते दोन शब्द गाळले. जागा नव्हती, असे कारण झाले. त्याच स्मरणिकेत वाढदिवसाच्या शुभेच्छांना मात्र चार पाने मिळाली. त्या समितीत आम्हीही होतो, आणि गप्प होतो.

ती मुलगी आज या सभागृहात आहे. भोजनास दहा मिनिटे उशीर होईल, पण तिने आपल्या दोन कविता येथे वाचाव्यात, अशी अध्यक्षांची अनुज्ञा आम्ही मागतो. जी ओळ कळणार नाही ती श्रोत्यांनी निःसंकोच पुन्हा विचारावी, आणि तिनेही न रागावता सांगावी.