फेटाळलेल्या अर्जात सापडलेले वर्तमानपत्र

श्रोतेहो, सकाळी दारात पडलेले वर्तमानपत्र आपण चहाबरोबर वाचतो आणि महिनाअखेरीस रद्दीच्या गठ्ठ्यात टाकतो. वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे, हे आपण गृहीतच धरलेले असते. जगातल्या पहिल्या छापील वर्तमानपत्राचीही हीच गत झाली. त्याचे सुरुवातीचे अंक कुणी जपलेच नाहीत, म्हणून त्याचे जन्मवर्ष ठरवायला अभ्यासकांना फार काळ लागला.

ही गोष्ट स्ट्रासबुर्ग शहराची. आज हे शहर फ्रान्समध्ये आहे. पण त्या काळी ते जर्मन बोलणारे, पवित्र रोमन साम्राज्यातले एक स्वायत्त नगर होते. तिथे योहान कारोलुस नावाचे गृहस्थ बातम्यांचा व्यवसाय करीत. ठिकठिकाणांहून टपालाने येणाऱ्या बातमीपत्रांच्या हाताने नकला करायच्या आणि वार्षिक वर्गणी भरणाऱ्या मोजक्या धनिकांना दर आठवड्याला पोचवायच्या, असा हा धंदा.

आता कुणी विचारील, गुटेनबर्गचे मुद्रण तर पंधराव्या शतकाच्या मध्यापासून चालू होते. मग वर्तमानपत्राला आणखी दीडशे वर्षे का लागली? नुसता छापखाना असून भागत नव्हते. ठरलेल्या दिवशी येणारे टपाल नसेल, तर दर आठवड्याला छापणार काय? सोळाव्या शतकात टाक्सिस घराण्याने घोडेस्वारांच्या टप्प्याटप्प्याने चालणारी टपालव्यवस्था उभी केली. टपालाला नियमितपणा आला, तसा तो बातमीलाही आला.

कारोलुस यांनी टोबिआस योबिन या दिवंगत मुद्रकाचा छापखाना बराच खर्च करून विकत घेतला. हाताने नकला करण्यात वेळ फार जातो, म्हणून १६०५ मध्ये ते बातमीपत्र छापूनच काढू लागले. यामागे क्रांतीची घोषणा नव्हती की लोकशिक्षणाचे व्रत नव्हते. होते ते लिहून लिहून दुखणारे हात आणि छापखान्यात अडकलेला पैसा!

मग त्यांना धास्ती वाटली, की उद्या दुसऱ्या कुणी आपलीच बातमी छापून विकली तर? त्यांनी नगरपरिषदेकडे अर्ज केला, की हा हक्क फक्त मला द्यावा. आपण आतापर्यंत बारा वेळा छपाई केली, असेही त्यात नमूद केले. डिसेंबर १६०५ मध्ये परिषदेने तो अर्ज फेटाळला.

ते बारा अंक आज कुठेही नाहीत. ‘रेलात्सिओन’ या नावाच्या त्या पत्राचे सर्वांत जुने उपलब्ध अंक आहेत १६०९ सालचे. ते हायडलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात बांधीव स्वरूपात आहेत. त्याच वर्षी वोल्फेनब्यूटेल इथून ‘आविसो’ हे दुसरे पत्र निघाले. त्यामुळे १६०९ हेच वर्तमानपत्राचे जन्मवर्ष मानले जाई. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्ट्रासबुर्गच्या दप्तरखान्यात तो अर्ज हाती लागला आणि जन्मवर्ष चार वर्षांनी मागे गेले. २००५ मध्ये जागतिक वृत्तपत्र संघटनेने त्याला मान्यता दिली. मंजूर न झालेला अर्जच जन्मदाखला ठरला!

मला मात्र त्या १६०९ च्या अंकांमधली एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्यात मथळे नाहीत, चित्रे नाहीत, संपादकीय टिप्पणी नाही. प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर फक्त गाव आणि तारीख. व्हेनिस, रोम, प्राग, व्हिएन्ना, कोलोन. स्ट्रासबुर्गच्या बातम्या जवळपास नाहीतच. गावातले गावाला आधीच ठाऊक! त्या वर्षीच्या सप्टेंबरात व्हेनिसहून आलेली एक बातमी सांगते, की पादुआचे गणिताचे प्राध्यापक गॅलिलिओ यांनी दूरचे जवळ दिसावे असे साधन शोधले, म्हणून तिथल्या सरकारने त्यांचा वार्षिक पगार वाढवला. आकाशाचे चित्र पालटणारी दुर्बीण इथे इतर बातम्यांमध्ये चार ओळींची एक बातमी होऊन बसली आहे.

त्या वर्षीच्या प्रास्ताविकात कारोलुस वाचकांना विनवतात, की परक्या गावांची आणि माणसांची नावे चुकली असतील तर सांभाळून घ्या. हे काम रात्री घाईघाईने उरकावे लागते. रात्रपाळी केलेल्या कुणालाही हे शब्द ओळखीचे वाटतील.

श्रोतेहो, आज मोबाइलवर दर मिनिटाला काहीतरी येऊन पडते. ते कुठून निघाले, कोणत्या दिवशीचे, हे बहुधा लिहिलेले नसते, आणि तरीही आपण ते पुढे पाठवतो. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या मुद्रकाकडे बातमी पडताळायची साधने जवळजवळ नव्हती. पण ती कुठली आणि केव्हाची, हे त्याने वाचकापासून लपवले नाही. पुढचे ठरवणे वाचकावर सोपवले. पुढे पाठवण्याआधी तेवढे दोन प्रश्न आपणही विचारावेत: कुठून आली, आणि केव्हाची?